फाइल जावाची, फोन जावाचा, मग घोडं अडतं कुठे?

कप्प्यात वर्षानुवर्षं पडून असलेला एक जुना फोन परवा चार्जिंगला लावला. बॅटरी फुगली नव्हती, हेच नशीब. पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, म्हणजे आजच्या फोनवरच्या एखाद्या आयकॉनएवढा. त्यावर विटा फोडायचा एक गेम टाकायचा होता: खाली सरकती फळी, वर विटांच्या रांगा, मधे उसळणारा चेंडू. गेम जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला, आणि त्याची जार फाइल, म्हणजे गेमचं अख्खं गाठोडं, हाताशी होती. ब्लूटूथने पाठवली, तर फोनने दोनच शब्द दाखवले: ‘अवैध ॲप्लिकेशन’. दोन-तीन वर्षांनी नव्या असलेल्या दुसऱ्या फोनवर तीच फाइल निमूट चालली. शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मामा, दोन्हीत जावा आहे ना? मग?"

त्याच्या ‘मग?’ला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख. ‘फोनमध्ये जावा आहे’ हे वाक्य मुळात अर्धवट आहे. कोणता जावा, त्यातला किती, आणि जोडीला काय काय, हे कळल्याशिवाय त्याला फारसा अर्थ नाही.

सुरुवातीपासून बघू. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा जगासमोर आणलं तेव्हा त्याची मोठी जाहिरात होती, ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’. एरवी प्रोग्रॅम एका विशिष्ट प्रोसेसरच्या भाषेत उतरवला जातो, आणि प्रोसेसर बदलला की ते काम पुन्हा करावं लागतं. जावाने मधे एक दुभाषी बसवला. प्रोग्रॅम उतरतो तो कुठल्याच खऱ्या प्रोसेसरच्या भाषेत नसतो, तो एका काल्पनिक यंत्राच्या ‘बाइटकोड’ नावाच्या भाषेत असतो. त्या काल्पनिक यंत्राचं सोंग वठवणारा प्रोग्रॅम प्रत्येक उपकरणावर वेगळा असतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. गेममध्ये ‘गुण एकने वाढव’ असं लिहिलं असेल तर बाइटकोडमध्ये त्याचे बहुधा तीन बाइट होतात: काय करायचं, कोणत्या जागेतल्या आकड्याला करायचं, कितीने. फोनमधलं व्हर्च्युअल मशीन हे तीन बाइट वाचतं आणि आपल्या चिपला समजेल तसं करून टाकतं. (बाइटकोड ज्या तुकड्यांत ठेवतात त्यांना क्लास म्हणतात. जावाच्या प्रत्येक क्लास फाइलचे पहिले चार बाइट सोळाच्या पायात, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ वापरून, वाचले तर ‘कॅफेबेब’ असं लिहिलेलं दिसतं. प्रोग्रॅमरांचे विनोद असेच कुठेतरी खोल पुरलेले असतात.)

कल्पना झकास, पण टेबलावरच्या संगणकाला मेगाबाइट हातचा मळ होता आणि फोनला किलोबाइटसुद्धा जपून वापरावा लागे. म्हणून १९९९ मध्ये सनने जावाचं छोटं रूप जाहीर केलं, जे२एमई. पुढे त्यालाच जावा एमई म्हणू लागले. त्यातल्या व्हर्च्युअल मशीनचं नाव केव्हीएम, आणि त्यातला ‘के’ किलोबाइटचाच. सगळा जावा मिळून १६० ते ५१२ किलोबाइटमध्ये बसला पाहिजे, असा हिशोब होता. अंथरूणच एवढं, म्हटल्यावर पाय आखडणं आलंच. ते कुठे आखडले हे बघितलं की माझ्या फोनची तक्रार कळते.

या छोट्या जावाचे दोन मजले आहेत. खालचा सीएलडीसी: भाषा म्हणून जावातलं काय काय मिळेल, ते हा ठरवतो. वरचा एमआयडीपी: पडदा, कळा, साठवण आणि इंटरनेट यांच्याशी प्रोग्रॅमने कसं बोलायचं, ते हा ठरवतो. दोघांच्या आवृत्त्या वेगवेगळ्या. सीएलडीसी १.० आणि एमआयडीपी १.० हे २००० सालचे, एमआयडीपी २.० हे २००२ चं, आणि सीएलडीसी १.१ हे २००३ चं. म्हणजे एमआयडीपी २.० असलेल्या फोनच्या तळमजल्यावर सीएलडीसी १.० असू शकतं. माझा फोन नेमका असाच निघाला.

तळमजल्यावरच्या १.० आणि १.१ मधला सगळ्यात मोठा फरक ऐकून हसू येईल. १.० ला अपूर्णांक येत नाहीत. साडेतीन हा आकडाच त्याला ठाऊक नाही. त्या काळच्या फोनच्या चिपमध्ये दशांशाचं गणित करणारं वेगळं अंग सहसा नसायचं, मग ते ओझं जावावर तरी कशाला, असा विचार झाला. आता चेंडू तिरका उडवायचा तर अपूर्णांक लागणारच. त्यावर प्रोग्रॅमरांनी काढलेली तोड मला फार आवडते. साडेतीनला २५६ ने गुणायचं आणि ८९६ हा पूर्णांक ठेवायचा. बेरीज-वजाबाकी अशाच फुगवलेल्या आकड्यांत करायची. गुणाकार केला की एकदा २५६ ने भागायचं. चेंडू पडद्यावर काढायच्या क्षणी पुन्हा २५६ ने भागायचं, की ठिपक्याची जागा मिळाली. २५६ च का? कारण २५६ ने भागणं म्हणजे बिट आठ घरं उजवीकडे सरकवणं, आणि ते काम कुठलीही चिप चुटकीसरशी करते. साइन-कोसाइन हवेत? त्यांची उत्तरं आधीच काढून, २५६ ने गुणून, एका तक्त्यात लिहून ठेवायची. पाढे पाठ करण्याचाच प्रकार.

दुसरी काटछाट पडताळणीची. बाहेरून आलेला बाइटकोड भलत्याच जागी हात घालत नाही ना, हे व्हर्च्युअल मशीन तो चालवण्याआधी तपासतं. पूर्ण तपासणीला मेमरी लागते आणि वेळही. म्हणून काम दोघांत वाटून दिलं. जड भाग प्रोग्रॅमरच्या संगणकावर आधीच उरकायचा आणि त्याची खूण फाइलमध्ये ठेवायची. फोनने त्या खुणांच्या आधारे सरळ एक फेरी मारून खात्री करून घ्यायची. या पायरीला प्रीव्हेरिफाय म्हणतात. ती न केलेली जार, आत सगळं ठीकठाक असूनही, फोन नाकारतो. याच धर्तीवरची खुणांची पद्धत पुढे मोठ्या जावानेही, आवृत्ती ६ पासून, उचलली. धाकट्याचे कपडे थोरल्याने घालावेत, त्यातली गत.

वरच्या मजल्याबद्दल थोडक्यात. एमआयडीपी १.० ची फोनकडून अपेक्षा काय होती? किमान ९६ बाय ५४ ठिपक्यांचा पडदा, तोही एकरंगी चालेल. प्रोग्रॅम चालताना ३२ किलोबाइट मोकळी मेमरी. प्रोग्रॅमला स्वतःचं काही लिहून ठेवायला ८ किलोबाइट. २.० मध्ये गेमसाठी खास सोयी आल्या, साधे आवाज आले, आणि एचटीटीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचं सुरक्षित बोलणं, अनिवार्य झालं. शेवटच्या गोष्टीकडे पुन्हा येऊ, कारण आज बरंच काही तिथेच मोडतं.

आता माझी फाइल उघडू. जार म्हणजे आतून चक्क झिप असते. एक्सटेन्शन बदललं की कुठल्याही संगणकावर उघडते. आत क्लास फाइली, चित्रं, आवाज, आणि एका फोल्डरमध्ये ‘मॅनिफेस्ट’ नावाची साधी मजकूर फाइल. नोटपॅडमध्ये दिसते. तिच्यात अशा ओळी होत्या (मूळ अर्थातच रोमनमध्ये; मिडलेट म्हणजे एमआयडीपीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम):

मिडलेट-नेम: गेमचं नाव
मिडलेट-व्हर्जन: १.२.०
मायक्रोएडिशन-कॉन्फिगरेशन: सीएलडीसी-१.१
मायक्रोएडिशन-प्रोफाइल: एमआयडीपी-२.०

तिसऱ्या ओळीत चोर सापडला. गेम १.१ मागतोय, फोनकडे १.० आहे. फोनने आतला कोड बघितलासुद्धा नाही. दारावरची पाटी वाचूनच परत पाठवलं.

पाटी बदलायला कितीसा वेळ लागतो? मी १.१ चं १.० केलं, पुन्हा झिप केलं, पुन्हा पाठवलं. फोनने मुकाट्याने घेतलं. मेनू आला, संगीत वाजलं, भाच्याने टाळी दिली. ‘नवा खेळ’ दाबलं आणि सगळं धाडकन बंद. असं का? जावा सगळे क्लास एकदम उचलत नाही, ज्याची गरज पडेल तो त्या वेळी उचलतं. मेनूच्या क्लासमध्ये अपूर्णांक नव्हते. चेंडूच्या क्लासमध्ये होते. तो उचलायची वेळ आली आणि दुभाष्याला न येणारा शब्द समोर आला. पाटी खोटी लिहून दाराच्या आत जाता येतं, पुढचं निभावत नाही.

असे प्रयोग तुम्हीही करणार असाल तर एक खाचखळगा सांगून ठेवतो. जारबरोबर पुष्कळदा जॅड नावाची छोटी फाइल येते. तिच्यात जारचा आकार अगदी बाइटपर्यंत लिहिलेला असतो, आणि तो जुळला नाही तर फोन इन्स्टॉल करत नाही. जारमध्ये एक अक्षर बदललं तरी आकार हलू शकतो. मग जॅडमधला आकडाही दुरुस्त करायचा, किंवा फोन चालवून घेत असेल तर जॅड बाजूला ठेवून नुसती जार पाठवायची. नाव, आवृत्ती आणि बनवणाऱ्याचं नाव या ओळी दोन्हीकडे जुळतात ना, तेही बघायचं.

आकाराचीही एक वेगळीच गंमत आहे. नोकियाच्या सिरीज ४० मधले सुरुवातीचे रंगीत फोन ६४ किलोबाइटपेक्षा मोठी जार घेतच नसत. जपानमध्ये एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीने २००१ मध्ये आय-ॲप्ली हे फोनवरचं जावा सुरू केलं तेव्हा मर्यादा होती १० किलोबाइट. एवढ्यात गेम बसवायचा म्हणून लोकांनी काय काय केलं! क्लासना आणि फंक्शनना एका अक्षराची नावं देणारी अवजारं वापरली, दहा क्लासचे दोन केले, सगळी चित्रं एकाच लांब पट्टीत चिकटवून प्रत्येक पीएनजी चित्रफाइलच्या सुरुवातीचे मथळे वाचवले.

तरीही, जारचा आकार आणि चालताना लागणारी मेमरी यांचा एकमेकांशी फार संबंध नसतो, आणि इथे भलेभले फसतात. १७६ बाय २०८ ठिपक्यांचं पार्श्वभूमीचं चित्र जारमध्ये दाबून आठ-दहा किलोबाइटमध्ये बसेल. पण दाखवायचं तर ते उलगडावं लागतं: १७६ गुणिले २०८ म्हणजे ३६,६०८ ठिपके, प्रत्येकाला दोन बाइट, झाले ७३,२१६ बाइट. एकाच चित्राला! फोनची जावासाठीची मोकळी मेमरी दोनशे किलोबाइटच्या आसपास असली, तर अशी तीन चित्रं एकदम उघडताच कारभार आटोपतो. तुमचा गेम दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीलाच बंद पडत असेल तर पहिला संशय याच्यावर घ्या.

पडदे आणि कळा हा त्या काळच्या प्रोग्रॅमरांचा दुखरा भाग होता. आकड्यांच्या कळा सगळीकडे सारख्या: ५ दाबलं की प्रोग्रॅमला ५३ मिळतो, हे ठरलेलं. पण पडद्याखालच्या डाव्या-उजव्या कळांना कुठले क्रमांक द्यायचे हे कुणीच ठरवलं नव्हतं. नोकियाने उणे ६ आणि उणे ७ दिले. सीमेन्सने उणे १ आणि उणे ४. मोटोरोलाच्या बऱ्याच फोनवर उणे २१ आणि उणे २२. त्यात पडदे १२८ बाय १२८, १७६ बाय २०८, १७६ बाय २२०, २४० बाय ३२०. ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’चं ‘एकदा लिहा, प्रत्येक फोनवर तपासा’ होऊन बसलं. म्हणून एकाच गेमच्या डझनावारी जार असायच्या, आणि आज जुनी फाइल मिळवताना फाइलच्या नावातला ‘२४०x३२०’ हा तुकडा गेमच्या नावाइतकाच महत्त्वाचा. चुकीची घेतली तर गेम पडद्याच्या कोपऱ्यात चालतो, किंवा ‘मागे’ची कळ दाबून दाबून अंगठा दुखतो.

स्मार्टफोन आणि हातातल्या बाकीच्या यंत्रांवर चित्र आणखी विस्कळीत होतं. सिंबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या फोनांना जावा जन्मजात आणि मेमरीही ऐसपैस, त्यामुळे तिथे जार सहसा सुखाने चालते. ब्लॅकबेरीचा ओएस ७ पर्यंतचा काळ तर जावाचाच, तिथली ॲप्स जावात लिहिलेली. पण त्यांना स्वतःच्या ‘कॉड’ या रूपात फाइल लागते, म्हणून जारचं रूपांतर करावं लागतं. पामच्या हँडहेल्डवर जावा वेगळं बसवावं लागे. त्यासाठी आयबीएमचं व्हर्च्युअल मशीन मिळायचं, ते देणं पामने २००८ मध्ये बंद केलं. विंडोज मोबाइलवर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं काही नव्हतं. फोन बनवणारे एस्मर्टेकचं जेबेड किंवा टाओचं इंटेंट यातलं एखादं व्हर्च्युअल मशीन बसवून देत, आणि त्यातल्या कुठल्याची कुठली आवृत्ती आहे त्यावर गेम चालणं-न चालणं ठरायचं. शार्पचा झॉरस एसएल-५५०० हा हँडहेल्ड घ्या: त्यातही जावा आहे, पण ते पर्सनलजावा, म्हणजे घराण्याची दुसरीच शाखा. मिडलेट त्याला ओळखता येत नाहीत. डोकोमोच्या आय-ॲप्लीचंही तेच, भाषा जावाची पण वरचा मजला एमआयडीपीचा नाही.

आणि अँड्रॉइड? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. वर्षानुवर्षं ॲप लिहायची भाषा जावा, पण आतलं यंत्र डॅल्विक आणि नंतर एआरटी. बाइटकोडचा साचा निराळा, आणि एमआयडीपीचे क्लास तर अजिबात नाहीत. त्यामुळे जार नुसती कॉपी करून काही होत नाही.

मधेच एक राहिलं, वेगाचं. केव्हीएम बाइटकोड एकेक वाचून चालवायचं, म्हणजे काम संथ. पुढच्या फोनांत वारंवार लागणारा भाग चिपच्या भाषेत उतरवून ठेवणारी व्हर्च्युअल मशीनं आली. चिपचे आराखडे बनवणाऱ्या एआरएम कंपनीने तर जॅझेल नावाची सोय चिपमध्येच घातली: पुष्कळसा बाइटकोड दुभाष्याशिवाय थेट चिपच चालवणार. त्या काळच्या अनेक फोनांत असलेल्या एआरएम९२६ईजे-एस या नावातला ‘जे’ त्याचाच.

आता ती परवानगीची खिडकी. ‘या ॲप्लिकेशनला इंटरनेट वापरू द्यायचं का?’ आणि दर मिनिटाला तोच प्रश्न. एमआयडीपी २.० मध्ये ॲपचे विश्वासू आणि अविश्वासू असे वर्ग पाडले. ज्याच्यावर फोनच्या ओळखीच्या संस्थेची डिजिटल सही, तो विश्वासू, त्याला कमी प्रश्न. बाकीच्यांना पदोपदी विचारणा. आजची अडचण अशी की सहीच्या प्रमाणपत्रांना मुदत असते आणि ती केव्हाच सरली. सही केलेला गेम ‘प्रमाणपत्र कालबाह्य’ म्हणत अडला तर फोनची तारीख काही वर्षं मागे नेऊन बघा, अनेकदा तेवढ्यावर भागतं. नाहीतर जॅडमधल्या सहीच्या ओळी काढून टाका, मग तो साधा अविश्वासू गेम म्हणून बसतो. जारमध्ये हात घातला असेल तर सही तशीही तुटलेलीच असते.

इंटरनेट लागणाऱ्या ॲपचं दुखणं मात्र याने बरं होत नाही. जुन्या फोनला एचटीटीपीएस येतं, पण त्याच्या काळचं: एसएसएल ३.० किंवा टीएलएस १.०. ती बोली आजचे बहुतेक सर्व्हर बोलत नाहीत. २०२१ मध्ये टीएलएस १.० आणि १.१ औपचारिकरीत्या मोडीत निघाली. त्यातून ॲपचा स्वतःचा सर्व्हर बंद झाला असेल तर बोलणंच संपलं. ऑपेरा मिनी या ब्राउझरने २००५-०६ मध्ये फोनच्या तोकड्या ताकदीवर फार शहाणी वाट काढली होती. वेबपान उघडायचं जड काम कंपनीचे सर्व्हर करायचे आणि फोनला आकसलेला, तयार मजकूर पाठवायचे, म्हणून शे-दोनशे किलोबाइटचं जावा ॲप आख्खी वेबसाइट दाखवू शकायचं. पण अशा मांडणीत ॲपचा जीव पलीकडच्या सर्व्हरमध्ये असतो. एकट्याने खेळायचे गेम, कॅल्क्युलेटर, शब्दकोश यांचं तसं नाही. ती मंडळी बॅटरी आहे तोवर चालतील.

मूळ फोन नसेल तर एम्युलेटर, म्हणजे जुन्या फोनचं सोंग वठवणारे प्रोग्रॅम, आहेत. अँड्रॉइडवर जे२एमई लोडर चांगला आहे. तो जारमधला बाइटकोड अँड्रॉइडच्या साच्यात बदलतो आणि एमआयडीपीचे हरवलेले क्लास स्वतः पुरवतो. संगणकावर केएम्युलेटर किंवा फ्रीजे२एमई. प्लेस्टेशन पोर्टेबलवरसुद्धा पीएसपीकेव्हीएम नावाचा प्रकल्प आहे. सनने २००६ मध्ये खुला केलेला फोनएमई या जावा एमईचा कोड त्याने तिथे नेला. एम्युलेटरमध्ये पहिली गोष्ट करायची ती पडद्याचा आकार जारच्या आकाराशी जुळवणं. दुसरी, फ्रेमचा वेग, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची ते, बांधणं. काही जुन्या गेममध्ये ‘थांब’ म्हणून सांगितलेलंच नसतं, कारण फोनच एवढा हळू की गरज पडली नाही. आजच्या चिपवर असा गेम डोळ्याचं पातं लवायच्या आत हरतो.

माझ्या फोनचं काय झालं? त्याच गेमची जुनी आवृत्ती सापडली, १.०.३. मॅनिफेस्टमध्ये सीएलडीसी-१.०, आकार ६१ किलोबाइट. पहिल्या फटक्यात बसली. नंतर दोन्ही फोन शेजारी ठेवून खेळलो. नव्यावर चेंडू फळीच्या कडेला लागला की हवा तसा, अगदी बारीक कोनातही निसटतो. जुन्यावर तो मोजक्याच दिशांना उसळतो. भाच्याने त्या मोजल्या: सोळा. तक्त्यात ओळीच तेवढ्या असणार.